काकांचा बंद पडलेला रोलँड कंपनीचा जुनो-१०६ सिंथेसायझर (विजेवर आवाज घडवणारा कीबोर्ड) मी स्वतः दुरुस्त करू शकतो का? आणि पुढे शून्यापासून एखादा बनवायला शिकता येईल का?

हो, दोन्ही जमेल. कॉमर्सला आहात, इलेक्ट्रॉनिक्स येत नाही, याची काळजी सोडा. मीही बँकेत नोकरी करतो; जे काही येतं ते रात्री जेवणानंतर टेबलावर बसून शिकलोय. तुम्ही लिहिलंय की काका ऑर्केस्ट्रात वाजवायचे, ते गेल्यापासून वाद्य माळ्यावर आहे आणि येत्या रविवारी ते काढून सुरू करून बघणार आहात. माझी विनंती एवढीच, की रविवारी माळ्यावरून काढा, धूळ पुसा, पण प्लग लावू नका.

आधी मागची पट्टी वाचा. त्यावर व्होल्टेज लिहिलेलं असतं. जपानच्या बाजारासाठी बनलेलं वाद्य १०० व्होल्टचं असतं आणि आपल्या भिंतीत २३० आहेत. माझ्या हातात आलेलं पहिलं वाद्य (दुसऱ्या कंपनीचं) असंच परदेशातून कुणाच्या तरी सामानातून आलं होतं. पट्टी न वाचता मी थेट बोर्डाला लावलं. दोन सेकंदांत वार्निश जळाल्याचा वास आला आणि ट्रान्सफॉर्मर गेला. १०० लिहिलं असेल तर स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर घ्या, शंभर व्हीएचा (व्हीए म्हणजे ट्रान्सफॉर्मरची क्षमता) भरपूर झाला. मुंबईत असाल तर लॅमिंग्टन रोड, पुण्यात असाल तर बुधवार पेठेत पासोड्या विठोबाच्या आसपासची दुकानं. पट्टीचा फोटो दाखवा, दुकानदाराला बरोबर कळतं.

मग सिरीज बोर्ड. वायरमनकडे असतो तोच: वाद्याच्या वाटेत ६० किंवा १०० वॉटचा जुना तारेचा बल्ब, एलईडी नाही. आत कुठे शॉर्ट असेल तर बल्ब लख्ख पेटतो आणि वाद्य वाचतं. सगळं ठीक असेल तर बल्ब क्षणभर चमकून मंदावतो. बल्बमुळे वाद्याला पूर्ण दाब मिळत नाही, त्यामुळे ते नीट वाजलं नाही तर घाबरू नका. ही फक्त परीक्षा आहे. त्याआधी मागचा मेमरी प्रोटेक्टचा खटका (साठवलेले आवाज चुकून पुसले जाऊ नयेत म्हणून असतो तो) ऑन आहे ना, ते बघून घ्या. या पहिल्या दिवशी ओळखीच्या एखाद्या टीव्ही-रेडिओ मेकॅनिकला शेजारी बसवा. झाकण उघडल्यावर ट्रान्सफॉर्मरच्या मेन्सकडच्या बाजूला आपला हात जायचाच नाही. परीक्षा पास झाली की बल्ब काढून, ट्रान्सफॉर्मरनंतरच्या सप्लायवर मल्टीमीटरने तीन आकडे मिळायला हवेत: अधिक १५, उणे १५ आणि अधिक ५ व्होल्ट. हे तीन नीट असल्याशिवाय पुढचा कुठलाही दोष शोधण्यात अर्थ नाही. सप्लाय डळमळीत असेल तर धडधाकट भागही आजारी असल्यासारखे वागतात. चाळीस वर्षांत सप्लायचे इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर सुकतात. बहुतेक वेळा पहिली बदली त्यांचीच.

आता ज्यासाठी मी हे उत्तर लिहायला बसलो ते सांगतो. जुनो-१०६ मध्ये १२८ आवाज साठवायची जागा आहे आणि ती मेमरी एका छोट्या लिथियम बॅटरीवर तगून असते. तुमचे काका ऑर्केस्ट्रात वाजवत होते म्हणजे त्यांनी ते १२८ आवाज कंपनीने दिले तसेच ठेवले असतील असं मला वाटत नाही. लग्नातल्या सनईसाठी एक, हार्मोनियमच्या जागी एक, ब्रास सेक्शनसाठी एक, असं प्रत्येक वादक बसवत जातो. मी पाच-सहा वर्षांपूर्वी आमच्या भागातल्या एका वयस्कर वादकांचा कीबोर्ड दुरुस्तीला घेतला. दोष साधा होता, दोन पट्ट्यांचे कॉन्टॅक्ट. पण "आता उघडलाच आहे तर बॅटरीही नवी टाकू" म्हणून मी जुनी काढली. त्यांनी वीस वर्षं बसवलेले आवाज त्या क्षणी गेले. वाद्य परत नेलं तेव्हा ते एक तास स्लायडर सरकवत बसले होते. एक बासरी जमली, एक ब्रास जमला. बाकीचे आठवत नाहीत म्हणाले. मला रागावले नाहीत, चहा पाजला. ती संध्याकाळ मी विसरू शकलेलो नाही.

म्हणून वाद्य सुरू झालं, साठवलेले आवाज जागेवर आहेत म्हणजे बॅटरी अजून जिवंत आहे असं दिसलं, की पहिलं काम टेप सेव्हचं. मागे कॅसेट रेकॉर्डरसाठी जॅक आहे. सेव्ह दाबलं की सगळी मेमरी आवाजाच्या रूपात बाहेर येते, जुन्या मोडेमसारखी किरकिर. ती लॅपटॉपवर वेव्ह फाइल म्हणून रेकॉर्ड करा, एमपी३ नको, आणि व्हेरिफाय करून बघा. शिवाय प्रत्येक आवाज अर्धा मिनिट वाजवून त्याचंही रेकॉर्डिंग ठेवा. नंतरच बॅटरीला हात.

दुरुस्तीतला पुढचा भाग मीटरपेक्षा कानाचा आहे. या वाद्यात सहा स्वर एका वेळी वाजतात, म्हणजे आत सहा वेगळे गळे आहेत आणि पट्ट्या दाबाल तसे ते पाळीपाळीने गातात. एकेक पट्टी सावकाश दाबत जा. ठरावीकच पट्टी मुकी असेल तर तिच्या खालच्या रबर कॉन्टॅक्टवर मळ आहे. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि कापसाची काडी पुरते. पण पट्टी कुठलीही असो, दर सहावा स्वर खरखरत असेल, तर एक गळा बिघडलाय. ट्रान्सपोजचं बटण दाबून धरून वाद्य चालू केलं की टेस्ट मोड येतो आणि कितवा गळा वाजतोय ते डिस्प्लेवर दिसतं. या मॉडेलचा जगभर माहीत असलेला आजार तोच आहे: ८००१७ए नावाचे सहा मॉड्यूल, प्रत्येक गळ्याचा फिल्टर आणि आवाजाची पातळी सांभाळणारे. त्यांच्यावरचं राळेसारखं काळं आवरण वयानुसार खराब होतं आणि आतल्या जोडण्यांमध्ये वीज झिरपू लागते. काही जण मॉड्यूल काढून ॲसिटोनमध्ये भिजवतात, आवरण सोलतात, आणि बरेचसे खरंच पुन्हा गातात. नवीन बनवलेले पर्यायी मॉड्यूलही मिळतात. मी आधी मूळ वाचवायचा प्रयत्न करतो, कारण त्या वाद्याचा आवाज त्या मूळ भागांचाच आहे. पण हे काम तुम्ही आत्ता करू नका. चाळीस वर्षांच्या पीसीबीवरून (भाग बसवलेल्या पाटीवरून) पाय काढताना तांब्याची पट्टी उखडली तर दुखणं वाढतं. भंगारातला एखादा डीव्हीडी प्लेअर आणा आणि त्यातले पन्नास भाग न जाळता काढून दाखवा, मग बघू.

आणि त्या सरावाच्या महिन्यांतच बनवायला शिका. सुरुवात सीडी४०१०६ या आयसीने करा, अगदी स्वस्त असते. ब्रेडबोर्डवर (सोल्डर न करता भाग खोचायच्या पाटीवर) तिच्या सहा दारांपैकी, म्हणजे गेट्सपैकी, एक घ्या. त्याच्या आउटपुटपासून इनपुटला १०० किलोओहमचा रेझिस्टर, इनपुटपासून ग्राउंडला ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, वर ९ व्होल्टची बॅटरी. न वापरलेल्या दारांचे इनपुट पाय ग्राउंडला जोडा. साधारण १०० हर्ट्झच्या आसपासचा चौकोनी लहरीचा सूर मिळतो. थेट ॲम्प्लिफायरला देऊ नका, आवाज फार मोठा असतो. १०० किलो आणि १० किलोओहमच्या जोडीतून दहा-अकरा पट उतरवा आणि वाटेत १ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर ठेवा. रेझिस्टरच्या जागी पॉट (फिरवून कमी-जास्त करता येणारा रेझिस्टर) लावला की सूर वरखाली होतो. मी हे पहिल्यांदा केलं तेव्हा बायकोला झोपेतून उठवून ऐकवलं होतं.

इथून एक अडचण येईल आणि ती समजली की अर्धा सिंथेसायझर समजला. खर्जातला सा ११० हर्ट्झ धरला तर मध्य सप्तकातला २२० आणि तार सप्तकातला ४४०. कानाला दोन्ही वेळचं अंतर एकच वाटतं, पण आकडा दरवेळी दुप्पट होतो. सिंथेसायझर बनवणारे अमेरिकेतले रॉबर्ट मूग यांनी १९६४ पासून जी पद्धत रुळवली तिच्यात एक व्होल्ट वाढला की सूर एक सप्तक चढतो. म्हणजे सरळ वाढणाऱ्या व्होल्टेजचं दुपटीत रूपांतर करणारं काहीतरी हवं. ते काम साधा ट्रान्झिस्टर करतो: खोलीच्या तापमानाला त्याच्या बेसवर १८ मिलिव्होल्ट वाढले की करंट दुप्पट. पण हा १८चा आकडा आणि ट्रान्झिस्टरचा मूळ करंट, दोन्ही तापमानाबरोबर सरकतात, म्हणून जुने ॲनालॉग सिंथेसायझर गरम झाले की बेसूर होतात. मूळ करंटवर उपाय म्हणून दोन जुळे ट्रान्झिस्टर पाठीला पाठ लावून चिकटवतात, आणि १८च्या आकड्यासाठी तापमानाबरोबर बदलणारा रेझिस्टर लावतात. जुनोने वेगळी वाट काढली. त्याचा सूर क्रिस्टलच्या घड्याळातून येतो, त्यामुळे काकांचं वाद्य मे महिन्यातल्या मांडवातही सुरात राहिलं असेल.

एका गोष्टीचा मात्र मला अजून आनंद होतो. पट्टीकडून येणाऱ्या व्होल्टेजच्या वाटेत एक रेझिस्टर आणि एक कपॅसिटर टाकला की व्होल्टेज उडी मारत नाही, घसरत जातं. म्हणजे मींड! दोन भागांत मींड. १९८२ मध्ये मुंबईतले चित्रपटसंगीतातले वादक चरणजित सिंग यांनी रोलँडच्या टीबी-३०३, टीआर-८०८ आणि ज्युपिटर-८ या तीन यंत्रांवर राग वाजवून रेकॉर्ड काढली, तेव्हा ३०३ च्या स्लाइडचा त्यांनी मींडेसारखा उपयोग केला. जगाचं लक्ष तिकडे जायला पुढे वीसहून जास्त वर्षं गेली. आपल्याकडच्या वादकांनी या यंत्रांकडून काय करवून घेतलं हे बऱ्याचदा रेकॉर्डमध्ये नाही, कुणाच्या तरी माळ्यावरच्या मेमरीत आहे.

तर रविवारी पट्टीचा फोटो काढा, आणि काकांबरोबर वाजवणारं कुणी हयात असेल तर त्यांना फोन करा. कुठल्या नंबरवर कुठला आवाज होता, हे त्यांना अजून आठवत असेल.