चारचा पुसलेला आकडा

“माणसं चांगली आहेत हो. पण त्यांच्याशी बोलायचं काय?” मी समुपदेशक आहे. शेजाऱ्यांबद्दलचं हे वाक्य समोरच्या खुर्चीतून मी इतक्यांदा ऐकलं आहे, की बोलणारा बसायच्या आधीच कधी कधी ते मला ऐकू येतं. कुणी नुकतंच निवृत्त झालेलं असतं, कुणी बदलीमुळे नव्या इमारतीत आलेलं, कुणी घरूनच काम करणारं. राहायचं भरल्या इमारतीत, आणि दिवसभर बोलणं होतं ते फक्त फोनवर. त्यांच्यातल्या एकीबद्दल सांगते. ओळख पटेल असं सगळं बदललं आहे.

चाळिशीच्या आसपासच्या या बाई झोप लागत नाही म्हणून आल्या होत्या. सातव्या मजल्यावर दोन वर्षं एकट्या राहत होत्या. तिसऱ्या भेटीत सहज बोलून गेल्या, “मागच्या आठवड्यात रात्री ताप भरला. औषध आणून द्यायला कुणाला सांगू, म्हणून एकेक दार डोळ्यांसमोर आणलं. बेल वाजवावी असं एकही दार सापडलं नाही.”

“कुणाशी काही बिनसलंय का?”

“बिनसायला आधी ओळख तर हवी ना, मॅडम.”

झोप न लागण्याचं मूळ मला त्या एकेक दार आठवण्यात दिसलं. मग आम्ही तिथेच थांबलो. त्या म्हणाल्या, “मला हवापाण्याच्या गप्पा जमत नाहीत. खोटं वाटतं ते. बोलायचं तर काही अर्थाचं बोलायलाच हवं. आणि आपण बोललो, तर समोरच्यानेही नीट बोललंच पाहिजे. नाहीतर अपमानच की!”

मी आल्बर्ट एलिस या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांच्या विचाराने काम करते. प्रसंगापेक्षा त्या प्रसंगाबद्दलचा आपला हट्ट आपल्याला जास्त छळतो, असं ते सांगत. हा हट्ट पकडायला मराठीसारखी सोयीची भाषा नाही, असं मला मनापासून वाटतं. आपल्याकडे तो एका अक्षरात बसतो : ‘च’. बोलायलाच हवं, बोललंच पाहिजे, अपमानच. मी कागदावर त्यांचीच वाक्यं लिहिली आणि प्रत्येक ‘च’भोवती गोल काढला. “आता एवढी अक्षरं गाळून वाचा.” त्यांनी वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना आवाज खाली आला. “समोरच्याने नीट बोललं तर बरं वाटेल. नाही बोलला तर...” थोडं थांबून म्हणाल्या, “तर वाईट वाटेल. तेवढंच.” हा शेवटचा ‘च’ मात्र मी ठेवून दिला.

हवापाण्याच्या गप्पांना खोटं म्हणणारे पुष्कळ भेटतात. ब्रोनिस्लाव मालिनोव्स्की या मानवशास्त्रज्ञाने १९२३ मध्येच दाखवून दिलं होतं, की अशा बोलण्यातून माहिती पोचवायची नसतीच, एकमेकांशी नातं बांधायचं असतं. “आज फार उकडतंय” हे समोरच्यालाही कळतच असतं. तरी आपण ते म्हणतो, कारण त्यातून ‘तुम्ही इथे आहात याची मला दखल आहे’ एवढं पोचवायचं असतं. ते पोचलं की वाक्याचं काम झालं.

आता विषयाचा प्रश्न. मी विचारलं, “लिफ्टमध्ये कुणी असलं की तुम्ही कुठे बघता?”

“बटणांकडे.”

“दोन वर्षं बघताय. काय दिसलं?”

त्या गोंधळल्या. मग म्हणाल्या, “चारचा आकडा पुसला गेलाय. बाकी सगळे ठळक आहेत. पाचचा थोडासा, खालच्या बाजूने. पण चारचं बटण अगदी गुळगुळीत आहे, बोट लावलं की खळगा लागतो.”

“हे कुणाला सांगितलंत?”

त्या माझ्याकडे पाहत राहिल्या आणि एकदम हसल्या. माझ्यासमोर त्या पहिल्यांदाच हसत होत्या. माणसांना टाळण्यासाठी दोन वर्षं जिथे नजर लपवली, तिथेच त्यांचा विषय होता. प्रश्न विचारण्याआधी तो मलाही माहीत नव्हता. इतक्या वर्षांच्या कामात असे क्षण मोजकेच येतात, आणि तो दिवस मी जपून ठेवला आहे.

पुढच्या भेटीत त्या बसायच्या आधीच बोलू लागल्या. चौथ्या मजल्यावरचे एक काका लिफ्टमध्ये होते. यांनी धीर करून म्हटलं, “तुमच्या मजल्याचा आकडा पार झिजला हो. सगळ्यात जास्त वर्दळ तुमच्याकडे दिसते.” काकांचा चेहरा आधी पडला. “आमच्याकडे शिकवणीला मुलं येतात ना. तुम्हाला त्रास होतो का? बरेच दिवस विचारीन म्हणत होतो. तुम्ही कधी बोलत नाही, म्हणून आम्हाला वाटलं रागावला आहात.”

“मॅडम, मला वाटायचं ते तुसडे आहेत. आणि त्यांना वाटत होतं मी रागावलेय. दोन वर्षं!”

गप्प माणसाचा चेहरा कुणी कोरा वाचत नाही. प्रत्येक जण त्यावर आपलीच भीती लिहितो. आपण संकोचाने खाली पाहतो आणि समोरच्याला त्यात शिष्टपणा दिसतो. इमारतीतल्या कितीतरी अबोल्यांच्या मुळाशी कुणाचाच राग नसतो.

पण सगळंच असं जमत गेलं नाही. पंधरा दिवसांनी त्या उतरलेल्या चेहऱ्याने आल्या. पार्किंगमध्ये एका गृहस्थांशी दोन शब्द बोलायला गेल्या, तर त्यांनी मोबाइलमधून मान वर केली नाही. “मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.” तेव्हा मी त्यांना एलिस यांच्याच तरुणपणाची हकीकत सांगितली. एकोणीस वर्षांचे असताना मुलींशी बोलायची त्यांना अतोनात भीती वाटे. ती घालवायला ते महिनाभर न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागातल्या वनस्पती उद्यानात जाऊन बाकावर एकट्या बसलेल्या स्त्रियांशी बोलायला जात. १३० जणींजवळ बसले. ३० जणी उठून गेल्या, १०० जणींशी बोलणं झालं. एकीने भेटायचं कबूल केलं, आणि ती आली नाही. तरी भीती गेली, कारण नकार सोसता येतो हे त्यांनी स्वतः पाहिलं. “तुमचे १३० पैकी किती झाले?” मी विचारलं. त्यांनी बोटांवर मोजले. नऊ.

ज्यांना हाच प्रश्न पडतो, त्यांना मी जे सांगते ते इथेही सांगते. विषय दोघांच्या डोळ्यांसमोरचा घ्या : बंद पडलेला दिवा, जिन्यात झोपलेलं मांजर, भिजलेली छत्री. हिशेब द्यावा लागेल असं काही विचारू नका. लग्न, पगार, मूल, घराची किंमत हे प्रश्न विचारणाऱ्याला हलके वाटतात, पण उत्तर देणाऱ्याच्या छातीवर दगड ठेवतात. गंमत वस्तूची करा, माणसाची नको. कुणाचं वजन, रंग, बोलण्याची ढब यांवरचा विनोद वर्षभर विसरला जात नाही. आणि बोलणं रंगात असतानाच निघा. “चला, येते” म्हणणारा माणूस पुन्हा भेटला तर आनंद होतो. धरून ठेवणारा दिसला की लोक जिन्याने जातात.

याहून महत्त्वाचं म्हणजे वेळ आणि जागा. रोज त्याच सुमारास त्याच ठिकाणी दिसत राहा. लिओन फेस्टिंगर हे मानसशास्त्रज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेतल्या विवाहित विद्यार्थ्यांच्या वसाहतीत मैत्री कशी जुळते ते पाहिलं होतं. तो अभ्यास १९५० मध्ये प्रसिद्ध झाला. अगदी शेजारच्या दारातल्यांपैकी ४१ टक्के मित्र झाले होते, तर त्याच मजल्याच्या दोन टोकांना राहणाऱ्यांपैकी फक्त १० टक्के. जिन्याजवळ राहणाऱ्यांची वरच्या मजल्यावरच्यांशीही ओळख जास्त होती. त्यांचा स्वभाव वेगळा नव्हता, त्यांच्या दारावरून माणसं जात होती एवढंच. म्हणून मी स्वभाव बदलायला कुणाला सांगत नाही. कचरा टाकायला जाताना, पत्रपेटी बघताना दोन मिनिटं जास्त थांबा म्हणते.

तक्रारीचं मात्र आधीच ओळखून असा. ज्याच्याशी वर्षभरात एकही शब्द बोललो नाही, त्याच्याशी पहिलं बोलणं गळणाऱ्या पाइपवरून झालं, तर ते भांडणच होतं. वीस वेळा पावसावर बोलून झालेलं असेल तर तोच पाइप दहा मिनिटांत दुरुस्त होतो. सोसायटीच्या ग्रुपवर सूचना आणि तक्रारींचा पाऊस पडतो, पण तिथे कुणी कुणाचा चेहरा पाहत नाही. तेवढ्यावर शेजार उभा राहत नाही. आणि ज्यांना खरोखर शांतता हवी असते, त्यांना मान हलवून सोडून द्यावं. तोही शेजारधर्मच आहे.

मोबाइलवाल्या गृहस्थांचं पुढे कळलं. त्या दिवशी त्यांची आई इस्पितळात होती. हे त्यांनी स्वतःच सांगितलं, तीन आठवड्यांनी, यांनी पुन्हा एकदा “आज तुमची गाडी सावलीत लागली” म्हटलं तेव्हा.

बाईंची झोप सुधारली, पूर्ण नाही. त्याची इतर कारणंही होती आणि त्यांवर आम्ही वेगळं काम केलं. शेवटच्या भेटीत त्यांनी मोबाइलवर एक फोटो दाखवला. लिफ्टच्या त्या गुळगुळीत बटणाशेजारी कुणा मुलाने वहीचा चौकोनी तुकडा चिकटवला होता, वर पेन्सिलीने मोठा ४, आणि त्याला दोन डोळे काढलेले. “चिकटपट्टीचा उजवा कोपरा सुटायला लागलाय,” त्या म्हणाल्या. “आज जाताना नवी घेऊन जाते.”