मोटार वावरात, हिशेब क्लाउडवर: वाचकांची प्रश्नोत्तरे

प्रश्न: सर, आमच्या वावरात सौर पंप बसला. कंट्रोलरमध्ये सिमकार्ड आहे, पण इकडे रेंज धड नाही. ॲपवर सारखं 'ऑफलाइन' दाखवते. संत्र्याले पाणी द्यायच्या वेळीच पंप बंद पडला तर? सिम काढून टाकू का? (शेतकरी, वरुड तालुका)

सिम काढू नका भाऊ, आणि घाबरूही नका. पंप चालवायचं डोकं कंट्रोलरमध्येच, म्हणजे तुमच्या धुऱ्यावर आहे. ऊन किती पडलं, मोटारीला किती वेग द्यायचा, विहीर उपसली तर कधी थांबवायची, हे तो जागच्या जागी ठरवतो. त्यासाठी रेंज लागत नाही. सिममधून कंपनीच्या क्लाउडवर, म्हणजे इंटरनेटवरून वापरायच्या दूरच्या संगणकांवर, जातो तो हिशेब: व्होल्टेज, करंट, पंप किती तास चालला, अंदाजे किती पाणी उपसलं. पीएम-कुसुम या केंद्राच्या योजनेतल्या सौर पंपांना ही दूरनोंद सक्तीचीच आहे.

पण 'पाणी येते ना, मग ॲप गेलं खड्ड्यात' असंही करू नका. उद्या देखभालीवरून वाद झाला की कंपनी तिच्याकडच्या नोंदी काढणार. त्या महिनाभर कोऱ्या निघाल्या, तर पंप बंद होता की रेंज नव्हती हे कोण सांगणार? म्हणून 'ऑफलाइन'ची तक्रार लेखी करा आणि तक्रार क्रमांक जपून ठेवा. कंट्रोलरच्या पडद्यावर एरर कोड दिसला तर त्याचा लगेच फोटो काढा. बाहेरची अँटेना असेल तर ती उंच बसवून पाहायला कंपनीच्या माणसाला सांगा. डबा स्वतः उघडू नका.

प्रश्न: माझी पिठाची गिरणी आहे. स्मार्ट मीटर लागल्यावर बिल वाढलं. लोक म्हणतात, रीडिंग क्लाउडवर जातं आणि तिथे आकडे फिरवतात. शिवाय आम्ही घरी केव्हा नसतो तेही कळतं म्हणे. खरं काय? (गिरणीचालक, दर्यापूर)

ताई, युनिट मोजतं ते मीटर. क्लाउडवर फक्त मोजलेला आकडा पोहोचतो. तेव्हा शंका असेल तर सुरुवात मीटरपासूनच करा. बिलावर चालू रीडिंग आणि त्याची तारीख असते. पुढच्या वेळी त्याच तारखेला पडद्यावरच्या केडब्ल्यूएच, म्हणजे युनिटच्या, आकड्याचा फोटो काढा आणि जुळवा. जुळलं नाही तर चूक मीटरनंतरच्या टप्प्यात आहे. जुळलं आणि तरीही वापर पटत नसेल तर मीटर तपासणीचा अर्ज द्या. जुनं मीटर काढतानाचं शेवटचं रीडिंग बदलीच्या कागदावर बरोबर चढलंय का, तेही बघा. माझ्याकडे येणाऱ्या तक्रारींत घोळ बहुतेक तिथेच निघतो.

मग वीज कंपन्यांना क्लाउड लागतो कशाला? पूर्वी महिन्यातून एक रीडिंग व्हायचं. स्मार्ट मीटर दर 15 किंवा 30 मिनिटांनी नोंद करतं. 15 मिनिटांचा हिशेब धरला तर एका मीटरच्या दिवसाला 96 नोंदी होतात आणि 5 लाख मीटरच्या रोज 4 कोटी 80 लाख. बिलं काढायच्या दिवसांत संगणकांवर ताण येतो, एरवी ते निवांत असतात. ताणापुरती यंत्रं भाड्याने घ्यायची, हाच सगळा व्यवहार.

घरी नसण्याची तुमची शंका मात्र रास्त आहे. पाव तासाच्या नोंदींवरून घर रिकामं असल्याचा अंदाज बांधता येतो. 2023 चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा त्यासाठीच महत्त्वाचा. तुमच्या बाजूने एवढं करा: बिलाच्या ॲपचा ओटीपी कुणालाही, अगदी 'ऑफिसातून बोलतोय' म्हणणाऱ्यालाही देऊ नका.

प्रश्न: चंद्रपूरसारखं औष्णिक केंद्र पूर्ण क्लाउडवरून चालवता येईल का? (अभियांत्रिकीचा विद्यार्थी, भद्रावती)

येईल की नाही यापेक्षा चालवावं का, हे आधी विचार. माझं उत्तर: नाही. चंद्रपूरची क्षमता 2920 मेगावॉट आहे. बॉयलर, टर्बाइन यांचं नियंत्रण क्षणार्धात व्हावं लागतं आणि ते बाहेरच्या जाळ्यावर अवलंबून ठेवणं धोक्याचं. डिसेंबर 2015 मध्ये युक्रेनमध्ये हल्लेखोर कार्यालयाच्या संगणकांतून वाट काढत वितरणाच्या नियंत्रणापर्यंत पोहोचले आणि सव्वादोन लाखांच्या आसपास ग्राहक अंधारात गेले. आपल्याकडे केंद्रीय विद्युत प्राधिकरणाने 2021 मध्ये सायबर सुरक्षेची मार्गदर्शक तत्त्वं काढली आहेत, ती वाच.

विश्लेषणाचं काम मात्र खुशाल क्लाउडवर पाठवावं. बेअरिंगची थरथर महिन्यागणिक कशी वाढतेय, बॉयलरची नळी गळायच्या आधी कोणते आकडे हलतात, हे वर्षानुवर्षांच्या नोंदी चाळल्यावर दिसतं. त्या चाळायला क्लाउड उत्तम. फक्त वाट एकेरी हवी: आकडे बाहेर जावेत, हुकूम आत येऊ नये.

प्रश्न: लाइन गेली की क्लाउडही बंद पडतो का? (आर्णी)

नाही. क्लाउडचे संगणक जिथे ठेवलेले असतात त्या डेटा सेंटरला बॅटरी आणि जनरेटर असतात. आपल्या गावच्या मोबाइल टॉवरची बॅटरी त्याच्या कितीतरी आधी उतरते, म्हणून क्लाउड सुरू असूनही आपल्याला बंद वाटतो.

प्रश्न: आमची जिनिंग आहे. वीजवापरावर लक्ष ठेवणारं सॉफ्टवेअर घ्यायचंय. एक विक्रेता क्लाउडचं मासिक भाडं सांगतो, दुसरा मिलमध्येच सर्व्हर ठेवा म्हणतो. (जिनिंगमालक, वणी)

तुमच्या ऑफिसातला एखादा जुना संगणक उघडून बघा. पंख्याच्या पात्यांवर रुईचा पांढरा थर, जाळीत गच्च बोळा. त्याच हवेत सर्व्हर ठेवायचा तर बंद खोली, एसी, यूपीएस आणि साफसफाई करणारा माणूस आला. शिवाय जिनिंग चालणार हंगामापुरती. एवढ्यासाठी मी क्लाउडच घेतला असता. बारमाही सारख्या लोडने चालणारा कारखाना असता तर कदाचित उलटं सांगितलं असतं, कारण तिथे भाडं साचत जातं.

सही करण्याआधी मात्र विक्रेत्याला अडवून विचारा. हंगाम संपल्यावर भाडं थांबतं की बारा महिने सुरू? करार मोडला तर जुन्या नोंदी एक्सेलमध्ये मिळतील का, आणि त्याचे वेगळे पैसे लागतील का? हे तोंडी नको, करारात लिहून घ्या. आणि कंत्राटी मागणीच्या, म्हणजे वीज कंपनीशी ठरलेल्या कमाल मागणीच्या, वर जायला लागलात की इशारा येतो कुठे? सकाळी सगळ्या मशीन एकदम चालू केल्या की मागणी उसळते. इशारा फक्त मालकाच्या मोबाइलवर येत असेल आणि मालक त्या वेळी कापसाच्या लिलावात उभे असतील, तर काय उपयोग? भोंगा पॅनेलजवळच हवा, आणि नेट नसतानाही वाजणारा. ते विक्रेत्याला नेट बंद करून तुमच्यासमोर वाजवून दाखवायला लावा.