केप बफेलोच्या (आफ्रिकेतल्या रानम्हशीच्या) शिकारीसाठी .375 रायफल घेऊ की .458? मोठी गोळी म्हणजे जास्त सेफ ना?

सरळ सांगतो, .375 एच अँड एच (हॉलंड अँड हॉलंड; .375 म्हणजे गोळीची जाडी, इंचात) घ्या. तुम्ही लिहिलंय की मूळचे कोथरूडचे, सध्या नोकरीनिमित्त दक्षिण आफ्रिकेत, आणि आत्तापर्यंत फक्त .30-06 (यापेक्षा बारीक गोळीची रायफल) चालवलीय, मग .458 कशाला पाहिजे? मी पण कामासाठी काही वर्षं तिकडेच होतो, आता पुण्यात, इथे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यापासून शिकार बंद, त्यामुळे आता फक्त गप्पा.

.375 निघाली 1912 ला, 300 ग्रेनची (ग्रेन म्हणजे गोळीच्या वजनाचं माप) गोळी साधारण 2500 फूट प्रति सेकंदाने जाते आणि बऱ्याच आफ्रिकन देशांत धोकादायक जनावरासाठी हाच कमीत कमी बोअर (नळीचं माप) धरतात. .458 विन्चेस्टर मॅग्नम 1956 ची, 500 ग्रेनची गोळी, कागदावर भारी. पण धक्का? .30-06 च्या दुप्पट तर .375 च देते, .458 त्याच्याही बरीच पुढे. आणि एकदा खांदा घाबरला की नेम गेलाच.

हे तपासायची सोपी युक्ती आहे, रेंजवर मित्राला रायफल भरायला सांगा, मधेच एखादं डमी (बिनदारूचं) काडतूस घालायला लावा, तुम्हाला न सांगता. चाप ओढल्यावर नुसतं 'टक' झालं आणि नळीचं तोंड खाली गेलं तर समजा की तुम्ही आवाजाच्या आधीच दचकताय. भलेभले दचकतात हो, त्यात लाज नाही, पण मग त्या रायफलने म्हशीसमोर उभं राहू नका. बफेलोचं हृदय छातीत खूप खाली असतं, पुढच्या पायांच्या मधे, आणि माणूस घाबरला की हमखास वर मारतो, मग जखमी जनावर झुडपात आणि पुढचं सगळं त्या बिचाऱ्या गाईडच्या गळ्यात.

कोणीतरी तुम्हाला बेल या जुन्या हत्ती-शिकाऱ्याचं उदाहरण देणारच, की त्याने 7 एमएमने हत्ती पाडले. खरंय, पण तो बेल होता, हत्तीच्या डोक्याची रचना त्याला पाठ होती. तुम्ही आम्ही नाही.

.416 रिग्बी आवडत असेल तर नाही म्हणणार नाही, 1911 चं काडतूस, मुद्दाम मोठं केलंय कारण तेव्हाच्या कॉर्डाइटचं (काडतुसातल्या दारूचं) प्रेशर उन्हात वाढायचं आणि खोकं (काडतुसाचं रिकामं कवच) चेंबरमधे अडकायचं, मोठ्या खोक्यात प्रेशर कमी राहतं. धक्का मात्र .375 पेक्षा जास्तच. डबल (दोन नळ्यांची) रायफल वगैरे स्वप्नं आत्ता सोडा, किंमत बघितली तर बाणेरचा फ्लॅट आठवेल. आणि गावाकडे काकांकडे ती .315 रायफल असते ना, खडकीच्या सरकारी कारखान्याची, केएफ शिक्क्याची काडतुसं लागतात ती, ती इथे शेतराखणीला ठीक, बफेलोला अजिबात नाही, मागच्या उत्तरात एकाने सुचवलीय म्हणून सांगतोय.

बोअरपेक्षा जास्त डोकं गोळीवर चालवा. पहिली गोळी चांगली बाँडेड सॉफ्ट, म्हणजे आत जाऊन फुलेल पण फुटून विखुरणार नाही अशी, आणि त्यामागच्या सॉलिड, म्हणजे न फुलणाऱ्या, कारण दुसऱ्या वेळी बफेलो पाठमोरा पळत असतो आणि खोल जाणारीच गोळी कामाची. फक्त या दोन्ही एकाच जागी लागतील असं धरून चालू नका, 50 मीटरवर दोन्ही मारून बघा, फरक जास्त आला तर सॉलिडचा ब्रँड बदला.