दर जानेवारीत देवापुढे ठरवते आणि फेब्रुवारीत सगळं सुटतं. माझा विश्वास कमी पडतोय का?

जय ख्रिस्त, ताई. नववर्षाच्या उपासनेत तुम्ही दर वर्षी चार गोष्टी ठरवता, असं लिहिलंय: वर्षभरात संपूर्ण पवित्र शास्त्र वाचायचं, पहाटे पाचला उठून प्रार्थना करायची, दहा किलो वजन उतरवायचं आणि पगारातून बचत करायची. फेब्रुवारीपर्यंत चारही सुटतात आणि मग प्रार्थनेला बसायचीही लाज वाटते.

हा विश्वासाचा कमीपणा नाही. पदरात मावेल त्याहून जास्त घेतलंय, एवढंच. मी अहिल्यानगरची, एकतीस वर्षं नर्स होते, आणि हे सगळं माझ्यावरून गेलंय म्हणून इतक्या खात्रीनं सांगते.

आधी वाचनाचा हिशोब करू. शास्त्रात १,१८९ अध्याय आहेत, म्हणजे रोज सव्वातीन. पहिल्या दोन पुस्तकांचे, उत्पत्तीचे ५० आणि निर्गमाचे ४०, संपतात तेव्हा २८ जानेवारी उजाडलेली असते आणि समोर येतं तिसरं पुस्तक, लेवीय: अर्पणांचे प्रकार, कातडीच्या रोगांचे नियम, शुद्ध-अशुद्ध. दिवसभर राबून आलेली बाई रात्री साडेदहाला ते उघडते आणि दुसऱ्या ओळीला डोळे मिटतात. माझी लागोपाठ तीन वर्षं तिथेच अडली. लेवीय वाचू नये असं मी म्हणत नाही, पुढे मी ते फार आवडीनं वाचलं. पण सवय लागायच्या आधी तो चढ नको.

माझी खरी अडचण होती ड्यूटीची. एक आठवडा सकाळची, एक दुपारची, एक रात्रीची. रात्रपाळीला पहाटे पाचला मी वॉर्डात सलाईन बदलत असायची, प्रार्थना कुठली करणार? महिला मंडळात एकदा हे बोलताना मला रडू आलं. तिथल्या एका वयस्कर मावशींनी विचारलं, "कुठलीही पाळी असो, न चुकता काय करतेस?" मी म्हटलं, उठल्यावर चहा. त्या म्हणाल्या, "मग घड्याळ सोड, चहाला धर."

त्या दिवशी मी शास्त्र कपाटातून काढलं आणि चहा-साखरेच्या डब्यांशेजारी ठेवलं. आधण ठेवायचं आणि उकळी येईपर्यंत उभ्यानंच स्तोत्रसंहितेतलं एक स्तोत्र वाचायचं. ११७वं दोनच वचनांचं आहे, ते वाचून झालं तरी पाणी थंड असायचं. ११९वं १७६ वचनांचं, ते आठ-आठ वचनं करत बावीस दिवस पुरलं. दीडशे स्तोत्रांची पहिली फेरी पूर्ण व्हायला मला सात महिने लागले, कारण मधले कितीतरी दिवस चुकले. पण ती पूर्ण झाली.

चुकलेल्या दिवसांबद्दल मला निर्गमाच्या १६व्या अध्यायानं शिकवलं. रानात इस्राएल लोकांसाठी मान्ना, म्हणजे देवानं दिलेलं अन्न, रोज सकाळी पडायचा आणि त्या दिवसापुरताच गोळा करायचा. उद्यासाठी राखून ठेवला त्याला किडे पडले. सहाव्या दिवशी दुप्पट आणि सातव्या दिवशी, शब्बाथाला, सुट्टी. त्यात मागची बाकी भरून काढणं कुठेच नाही. म्हणून काल राहिलेले चार अध्याय आज डोक्यावर घेऊ नका. आजचा वाटा आज घ्या. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातल्या संशोधकांनी ९६ जणांच्या रोजच्या सवयींचा अभ्यास केला होता, तो २००९मध्ये प्रसिद्ध झाला. सवय अंगवळणी पडायला साधारण ६६ दिवस लागले, कुणाला १८ तर कुणाला २५४, आणि एखादा दिवस चुकल्यानं फारसं बिघडलं नाही. मला हे वाचून मान्नाच आठवला.

आता ध्येयाबद्दल. आपण बऱ्याचदा स्वतःची इच्छा आधी ठरवतो आणि प्रार्थना वरून शिक्क्यासारखी मारतो. शास्त्रातल्या नहेम्यानं, पारसाच्या राजाच्या दरबारातल्या यहूदी सेवकानं, उलट केलं. यरुशलेमचा कोट पडल्याचं किसलेव या इब्री महिन्यात कळल्यावर तो रडला, उपास केला, प्रार्थना केली. राजापुढे तोंड उघडलं ते निसान महिन्यात, म्हणजे चारेक महिन्यांनी. तेव्हा मात्र किती दिवस लागतील, लाकूड कुठून मिळेल, पत्रं कुणाच्या नावानं हवीत, हे सगळं त्यानं पक्कं केलेलं होतं. पुढे कोट ५२ दिवसांत उभा राहिला. नहेम्याच्या पुस्तकाचा तिसरा अध्याय नुसत्या नावांचा म्हणून लोक सोडून देतात, तो जरूर वाचा. कित्येकांनी आपापल्या घरासमोरचाच भाग बांधला. बाराव्या वचनात शल्लूमच्या मुलीही बापाबरोबर कोट बांधताना दिसतात. मला त्या मुली फार जवळच्या वाटतात.

तर तुमच्या घरासमोरचा भाग कोणता? चारांपैकी एकच निवडा, आणि तो का हवा हे प्रार्थनेत महिनाभर विचारा. वजनाचंच बघा. लग्नकार्यात कुणी बोललं म्हणून उतरवायचं असेल तर ते फार टिकत नाही. गुडघे दुखतात, मुलं लहान आहेत, देवानं दिलेलं शरीर सांभाळायचंय, असं कारण असेल तर किलो बाजूला ठेवा आणि रात्रीच्या जेवणानंतर वीस मिनिटं चालायला लागा. बचतीचं सोपं आहे: पगार झाला की दशांश काढता तेव्हाच, त्याच बैठकीत, थोडी रक्कम बाजूला टाका.

नीतिसूत्रे ३१मधली सद्गुणी स्त्री डोक्यात असेल, तर तिच्याबद्दलही सांगते, कारण मदर्स डेच्या उपदेशानंतर किती बायका खाली मान घालून घरी जातात ते मी पाहिलंय. ती २२ वचनांची कविता आहे, मूळ इब्रीत प्रत्येक वचन पुढच्या पुढच्या अक्षरानं सुरू होतं. एका बाईच्या एका दिवसाचं ते वेळापत्रक नव्हे, तिच्या साऱ्या आयुष्याची स्तुती आहे. शिवाय पंधराव्या वचनात तिच्या घरी दासी आहेत. तुमच्याकडे भांड्यालाही बाई नसेल तर घरच्यांना हाताशी घ्या, त्यात कमीपणा काही नाही.

आणि सातत्य पाहायचं असेल तर पंडिता रमाबाईंकडे पाहा. केडगावला मुक्ती मिशनचा, निराधार बायका-मुलींच्या आश्रमाचा, एवढा पसारा सांभाळत त्यांनी शास्त्राचं साध्या मराठीत भाषांतर केलं, त्यासाठी इब्री आणि ग्रीक शिकल्या. सतरा-अठरा वर्षं ते काम चाललं. १९२१मध्ये मुलगी मनोरमा गेली, तरी काम थांबलं नाही. ५ एप्रिल १९२२ला त्या गेल्या तेव्हा ते पूर्ण झालेलं होतं. मुक्तीतल्याच छापखान्यात ते छापलं गेलं, आणि तिथे छपाईच्या अक्षरांचे खिळे जुळवायलाही बायका-मुलीच होत्या.

मंडळीतली एक मैत्रीण मात्र सोबत घ्या. रोज हिशोब द्यायला नको, रविवारी उपासनेनंतर दोन मिनिटं पुरेत. आम्ही दोघी अजून एकमेकींना "या आठवड्यात कुठलं वचन राहिलं मनात?" एवढंच विचारतो.

उद्या लेवीय उघडू नका. मार्ककृत शुभवर्तमान घ्या, सोळाच अध्याय आहेत. पहिला ४५ वचनांचा आहे, तो दोन-तीन दिवसांत विभागा. आणि पस्तिसाव्या वचनापाशी थांबा, तिथे येशू पहाटे एकटाच प्रार्थनेला गेलाय. आदल्या संध्याकाळी त्याच्या दारात सगळं शहर जमलं होतं.