नवीन कर्जाआधी अडकलेली बिले सोडवा

टाळेबंदीच्या काळात घेतलेल्या सरकारी हमीच्या कर्जाचे दोन हप्ते थकले आहेत, काम मिळते पण पैसा हातात येत नाही, तेव्हा आणखी एक कर्ज काढावे का, असे आपण विचारले आहे. भोसरीत अनेक वर्षे लेथवर जॉबवर्क (म्हणजे इतर कारखान्यांची कामे मजुरीवर करून देणे) करत आलो असल्याने कळकळीने सांगतो, तूर्त कर्ज काढू नका.

2020 च्या टाळेबंदीनंतर मी शटर उघडले तेव्हा यंत्रांवर चढलेला गंज दोन दिवसांत निघाला. ड्रॉवरमधली बिले मात्र दीड वर्ष तशीच पडून होती. मोठी रक्कम एकाच ग्राहकाकडे होती आणि तो काम बंद करील या धास्तीने मी तगादा लावत नव्हतो. शेवटी कामगारांच्या पगारासाठी घरातले सोने गहाण टाकावे लागले. ती वेळ आपल्यावर येऊ नये.

सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास अधिनियम, 2006 नुसार सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे बिल, लेखी करार असला तरी जास्तीत जास्त 45 दिवसांत आणि करार नसल्यास 15 दिवसांत चुकते करावे लागते. त्यापुढे रिझर्व्ह बँकेने जाहीर केलेल्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढीने व्याज लागते. केवळ खरेदी-विक्री करणाऱ्यांना हे संरक्षण नाही, जॉबवर्कला आहे. त्यासाठी उद्यम नोंदणी, म्हणजे लघुउद्योगाची केंद्र सरकारकडची नोंदणी, आधीच केलेली असावी (ती विनामूल्य आहे, एजंटला पैसे देऊ नका) आणि तिचा क्रमांक प्रत्येक बिलावर छापावा. मुदत टळलेली रक्कम ज्या वर्षी प्रत्यक्ष दिली जाते त्याच वर्षी ग्राहकाला आयकरात खर्च म्हणून दाखवता येते, त्यामुळे मार्चअखेर वर्ष संपण्याआधी, त्याच्या हिशेबनीसाला फेब्रुवारीतच पत्र पाठवलेले उपयोगी पडते.

बँकेकडे मात्र आजच जा. थकबाकी 90 दिवसांपलीकडे गेली की खाते अनुत्पादित (एनपीए, म्हणजे थकीत कर्ज) ठरते. त्याआधी, 25 कोटींपर्यंतच्या कर्जांसाठी 2015 साली अधिसूचित झालेल्या, अडचणीतल्या लघुउद्योगांना सावरण्यासाठीच्या पुनरुज्जीवन आराखड्याखाली, उद्योजक स्वतः लेखी अर्ज करू शकतो. सोबत येणे-देण्याची यादी जोडा.

यादी करताना मालासोबत पाठवलेल्या प्रत्येक चलनावर (डिलिव्हरी चलन) माल पोचल्याची सही आणि शिक्का आहे ना, तेही पाहा. सही घ्यायची राहून गेल्यामुळे माझी दोन बिले मला सिद्धच करता आली नाहीत.