‘अवर्गीकृत’ कागद म्हणजे कोणते?

प्रश्न असा आला आहे: सरकारने जुन्या फायली ‘डीक्लासिफाय’ केल्या, म्हणजे त्या दडवून ठेवायला लावणारा ‘क्लासिफाइड’ हा शिक्का काढला, हे मराठीत कसे सांगावे? त्यासाठी ‘अवर्गीकृत’ हा शब्द चालेल का?

मी तरी तो वापरणार नाही. वर्गीकरण म्हणजे आपल्या लेखी गटवारी. वनस्पतींची होते, पुस्तकांची होते. ‘वर्गीकृत कागद’ म्हटल्यावर तो कुणी दडवून ठेवला असेल असे मनातही येत नाही. कागदांना गुप्ततेच्या श्रेणी लावण्याच्या पद्धतीमुळे इंग्रजी शब्दाला तो अर्थ चिकटला. (तिथे छोट्या जाहिरातींनाही ‘क्लासिफाइड’च म्हणतात, हा भाग वेगळा.) शिवाय नकारार्थी ‘अ’ जे झालेच नाही ते सांगतो. अपठित उतारा म्हणजे आधी न वाचलेला, वाचून विसरलेला नव्हे. तेव्हा ‘अवर्गीकृत’ म्हणजे फार तर ज्यावर शिक्का कधी बसलाच नाही असा कागद. इथे शिक्का बसला होता आणि मग निघाला.

मग शिक्का कशाचा? गुप्त आणि गोपनीय हे दोन्ही शब्द ‘गुप्’ या एकाच धातूचे, पण एक नव्हेत. गुप्त म्हणजे लपलेले किंवा लपवलेले. गोपनीय म्हणजे लपवण्याजोगे. पूजनीय, निंदनीय यांच्याच घडणीचा शब्द. गुप्त ही स्थिती झाली, गोपनीय हा कुणीतरी दिलेला दर्जा. व्हिएतनाम युद्धावरचा अमेरिकी संरक्षण खात्याचा अहवाल, ‘पेंटॅगॉन पेपर्स’, फुटला आणि १९७१ साली न्यूयॉर्क टाइम्सने त्यातले मजकूर छापले. सरकारने तो अधिकृतपणे पूर्ण खुला केला २०११ साली. म्हणजे लाखो लोकांनी वाचलेला मजकूर चाळीस वर्षे गुप्त नव्हता, पण सरकारदप्तरी गोपनीय होता! म्हणून काढायची ती गुप्तता नव्हे, गोपनीयता.

आणि लादलेली गोष्ट काढायला मराठीत क्रियापद तयारच आहे. बंदी उठवतात, जप्ती उठवतात, संचारबंदी उठवतात. तशीच गोपनीयता उठवावी. ‘गोपनीयतामुक्त’ व्याकरणाला धरून आहे, पण जिभेला जड. मात्र ‘उठवली’ला कर्ता लागतो. अमेरिकेत २००९च्या अध्यक्षीय आदेशानुसार बहुतेक ऐतिहासिक कागदांची गोपनीयता २५ वर्षांनी, अपवाद सोडून, आपोआप जाते. तिथे ‘गोपनीयतेची मुदत संपली’ हेच नेमके.

‘फायली खुल्या केल्या’ हा प्रयोग मला सर्वांत आवडतो. २३ जानेवारी २०१६ रोजी नेताजींविषयीच्या १०० फायलींच्या डिजिटल प्रती राष्ट्रीय अभिलेखागारात लोकांसमोर आल्या, तिथे तो चपखल बसतो. पण गोपनीयता उठली म्हणजे कागद खुला झालाच असे नाही. तो अभिलेखागारात पोचावा लागतो, सूचीत चढावा लागतो, तेव्हा कुठे वाचकाला मागता येतो. निम्म्या ओळींवर काळे पट्टे असतील तर ‘अंशतः खुली’ म्हणावे.

‘गौप्यस्फोट’ मात्र इथे नको. तो करणारा परवानगी घेत नाही, आणि इथे तर सरकारनेच रीतसर दार उघडलेले असते. त्या फायलींतून कुणी काही खळबळजनक शोधून काढलेच, तर गोष्ट निराळी.