सरकारी रानातील पहिल्या हरणशिकारीविषयी

मॅडिसन, विस्कॉन्सिन

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र मिळाले. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात तू आणि तुझा मित्र शिकागोहून निघणार, सोबत वाटाड्या नाही, कोणाच्या खासगी जमिनीची सोय नाही, विस्कॉन्सिन नदीच्या खालच्या खोऱ्यातील सरकारी रानात दोघांनीच पांढऱ्या शेपटीच्या हरणाची शिकार करायची, हा बेत मला पसंत आहे. मात्र तू विचारलेले प्रश्न जवळजवळ सगळे हत्याराचे आणि कपड्यांचे आहेत, दोन-तीन हरणाचे आहेत आणि माणसांविषयी एकही नाही. ज्या रानात कोणालाही शिरता येते तेथील हरीण माणसांच्या सवयी ओळखूनच आपला दिवस आखते. त्यामुळे या शिकारीत तुला हरणाइतकाच इतर शिकाऱ्यांचा, आणि तुम्हा दोघांचाही, विचार करावा लागेल.

त्याआधी कायदा, कारण तू अजून तात्पुरत्या व्हिसावर आहेस. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने चितळाच्या शिकारीचा नुसता प्रयत्नही गुन्हा ठरतो. येथे हरणाची शिकार राज्य सरकारने आखून दिलेल्या हंगामात परवान्याने चालते, आणि परवान्यांचे शुल्क व १९३७ च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्याखाली बंदुका आणि काडतुसांवरून जमा होणारा कर यांतून वन्यजीवांच्या देखभालीचा बराच खर्च भागतो. तात्पुरत्या व्हिसावरील व्यक्तीला बंदूक किंवा काडतुसे जवळ बाळगण्यास संघीय कायद्याने मनाई आहे. वैध शिकार परवाना हा त्या मनाईला एक अपवाद आहे खरा, पण तो तुला कुठवर लागू होतो हे मित्राच्या भरवशावर न ठरवता वकिलाला विचारावे. माझे मत विचारशील तर पहिल्या वर्षी बंदुकीचा नाद सोडून धनुष्य किंवा क्रॉसबो (घोडा दाबून बाण सोडणारे आडवे धनुष्य) घ्यावी. त्यांचा हंगाम सप्टेंबरच्या मध्यापासून जानेवारीच्या आरंभापर्यंत चालतो आणि नर माजावर येऊन दिवसाउजेडी हिंडू लागतात तो नोव्हेंबरचा पूर्वार्ध त्यात संपूर्ण सापडतो. बंदुकीचा नऊ दिवसांचा मुख्य हंगाम थँक्सगिव्हिंगच्या, म्हणजे नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी येणाऱ्या सणाच्या, आधीच्या शनिवारी सुरू होतो. त्या दिवशी रानात इतकी माणसे असतात की नवख्याने काही शिकण्याजोगी शांतता तिथे उरत नाही.

१ जानेवारी १९७३ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या प्रत्येकाला परवान्यासाठी शिकारशिक्षणाचा दाखला लागतो. अठरा वर्षांवरील व्यक्तीला तो अभ्यासक्रम घरबसल्या पुरा करता येतो, तेव्हा तो उन्हाळ्यातच उरकावा. मादी मारण्याची परवानगी ठरावीक विभागापुरती आणि ठरावीक प्रकारच्या जमिनीपुरती असते. खासगी जमिनीसाठी मिळालेली परवानगी सरकारी रानात चालत नाही. कागद विकत घेतानाच हे नीट पाहावे.

आता रानाकडे वळतो. प्रेअरी दु सॅकच्या धरणापासून मिसिसिपीपर्यंत ही नदी सुमारे दीडशे किलोमीटर कोणत्याही बांधाशिवाय वाहते आणि तिच्या दोन्ही काठांना सरकारी जमिनीचे लहानमोठे तुकडे आहेत. त्यांच्यामध्ये खासगी शेते येतात. काही खासगी वने अशीही आहेत, जिथे मालकाने करसवलतीच्या बदल्यात शिकारीसह पाच कामांसाठी लोकांना पायी येऊ दिलेले आहे, पण तशी पाटी दिसेलच असे नाही. म्हणून फोनमध्ये हद्दी दाखवणारा नकाशा नेटवर्क नसतानाही उघडेल अशा रीतीने उतरवून घे आणि त्याची छापील प्रतही जवळ ठेव. बाण लागलेले हरीण हद्द ओलांडून खासगी जमिनीत जाऊन पडले, तर मालकाच्या परवानगीशिवाय तुला ते आणायलाही जाता येणार नाही. यासाठी बसण्याची जागा हद्दीपासून पुरेशी आत असावी.

नकाशावर आधी गाड्या लावण्याच्या जागा शोध. बहुतेक शिकारी तिथून सोप्या वाटेने निघतात, चढ लागला किंवा दलदल आली की थांबतात आणि सकाळी नऊ-दहाच्या सुमारास कॉफीसाठी परततात. हरणांना हे सगळे ठाऊक असते. ती मग माणसाला नकोशा वाटणाऱ्या ठिकाणी सरकतात, आणि ते ठिकाण नेहमी दूरच असते असे नाही: कधी ओढ्यापलीकडचे बेट, कधी काटेरी झुडपांनी भरलेली घळ, तर कधी गाड्यांच्या अगदी पाठीमागचा, कोणी ढुंकून न पाहणारा गवताळ कोपरा. या नदीवर तुमच्याकडे कनू, म्हणजे वल्ह्याने चालवायची हलकी अरुंद होडी, असेल तर अर्धी गर्दी तिथेच मागे पडते. मात्र नोव्हेंबरच्या पाण्यात उतरताना जीवरक्षक जॅकेट अंगावर हवे. ते बोटीत पायाशी ठेवून उपयोग नाही. एखाद्या जागी तुमच्या आधी कोणाची गाडी उभी दिसली तर मुकाट्याने दुसरी जागा गाठावी. त्यासाठी चार-पाच जागा आधीच हेरून ठेवलेल्या असाव्यात, कारण पहाटेच्या अंधारात ऐनवेळी शोधलेली जागा सहसा वाऱ्याच्या दृष्टीने चुकीची निघते.

वाऱ्याविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण बाकी सगळे जमले आणि वारा चुकला तर हरीण दिसण्यापूर्वीच निघून गेलेले असते. हा प्रदेश हिमनद्यांच्या तडाख्यातून सुटलेला असल्याने इथे डोंगरांच्या उभ्या सोंडा आणि खोल घळी आहेत. सकाळी ऊन लागले की हवा उतारावरून वर चढते आणि संध्याकाळी गारवा आला की तीच हवा घळीतून खाली ओघळते. त्यामुळे हवामानखात्याने सांगितलेली दिशा डोंगराच्या कुशीत खरी ठरेलच असे नाही. रुईच्या बोंडातून जशा म्हाताऱ्या उडतात तशाच इथल्या मिल्कवीडच्या शेंगांतूनही उडतात. त्या मूठभर डबीत भरून न्याव्यात, अधूनमधून एक सोडावी आणि ती कुठे वळते, कुठे खाली बसते ते नजरेआड होईपर्यंत पाहावे. मोठा नर बहुधा सोंडेच्या वरच्या तिसऱ्या भागात, वाऱ्याच्या आडोशाला बसतो, म्हणजे धारेपलीकडचा वास त्याला पाठीमागून येतो आणि खालची घळ डोळ्यांना दिसत राहते. त्याच्या बसण्याच्या जागेवर चालून न जाता, माद्या जिथून ये-जा करतात त्या दोन दाटींमधल्या अरुंद पट्ट्यात किंवा धारेवरच्या खिंडीत बसावे. माजाच्या दिवसांत नर माद्यांच्या मागावर तिथून केव्हाही, अगदी भर दुपारीही, जाऊ शकतो. म्हणूनच जेवणाचा डबा बरोबर घेऊन दिवसभर बसून राहण्याला मी महागड्या कपड्यांपेक्षा अधिक किंमत देतो.

झाडावर बसणार असशील तर राज्याच्या नैसर्गिक संसाधन विभागाच्या जमिनीवर झाडाला खिळे ठोकणे, स्क्रूच्या पायऱ्या बसवणे किंवा फांद्या तोडणे चालत नाही, आणि ६४ क्रमांकाच्या महामार्गाच्या दक्षिणेला मचाण रोज उतरवून परत न्यावे लागते. तुमचे रान दक्षिणेलाच आहे, तेव्हा सामान हलके असू दे. पूर्ण शरीराचा हार्नेस जमिनीवर असतानाच झाडाला बांधलेल्या दोराला अडकवावा आणि पुन्हा जमिनीवर पाय टेकेपर्यंत सोडू नये. धनुष्य हातात धरून चढायचे नाही. ते नंतर दोरीने वर ओढून घ्यायचे. वर चढताना आणि उतरताना शिकारी सर्वाधिक पडतात, आणि फोनला सिग्नल नसलेल्या घळीत पडलेल्या माणसाला शोधणारा एकटा तुझा मित्रच असणार आहे.

त्या मित्राबरोबर निघण्यापूर्वी एका संध्याकाळी कागद घेऊन बस. तुम्ही चांगले मित्र आहात म्हणूनच हे आवश्यक आहे, कारण भिडेखातर न बोललेल्या गोष्टी रानात थंडीने आणि थकव्याने टोकदार होतात. कोण कुठे बसणार हे चिठ्ठी टाकून किंवा आळीपाळीने ठरवा. एकाचा वास दुसऱ्याच्या वाटेवर जाऊ नये म्हणून दोन बैठकांमध्ये एखादी धार तरी असू द्या. गाडीपाशी परतण्याची वेळ ठरवा आणि त्या वेळी एक जण आला नाही तर दुसऱ्याने काय करायचे, हेही लिहून ठेवा. त्या आठवड्यातच घड्याळे एक तास मागे जातात, त्यामुळे सूर्यास्ताची वेळ नियमपुस्तिकेतल्या कोष्टकावरून घ्यावी, सवयीवरून नव्हे. एकाने हरीण मारले की दुसऱ्याने आपली बैठक सोडून मदतीला यायचे आणि मांस निम्मे-निम्मे वाटायचे, हे आधी ठरले तर पुढे हिशेब उरत नाही. धनुष्याच्या हंगामात एकाच्या परवान्यावर दुसऱ्याने हरीण मारणे बेकायदा आहे. बंदुकीच्या हंगामातील गटशिकारीची सवलत इथे लागू नाही.

वीस मीटरच्या आत, हरीण आडवे उभे असताना, पुढच्या पायाच्या लगेच मागे बाण सोडावा. याहून अवघड संधी सोडून द्यायची, असे आताच मनाशी ठरव. बाण लागल्यावर लगेच धावू नये. बाणावरचे रक्त गुलाबी आणि फेसाळ असेल तर फुप्फुसाला लागले असे समजून अर्ध्या तासाने माग घ्यावा. गडद लाल असेल तर बाण यकृतात गेला असण्याचा संभव असतो. मग किमान चार तास थांबावे. हिरवट घाण आणि दुर्गंधी असेल तर बाण पोटात गेला आहे. आठ तास किंवा त्याहून अधिक थांबावे, मग रात्र का जाईना. हे थांबणे हरणावर दया म्हणूनही योग्य आहे आणि व्यवहार म्हणूनही, कारण दामटलेले जखमी जनावर दूर जाते आणि अनेकदा हाती लागतच नाही.

हरीण मिळाले की तिथेच पोट साफ करून मांस थंड होऊ द्यावे आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाचच्या आत फोनवरून किंवा संकेतस्थळावर नोंद करावी. या भागात हरणांना जर्जर करणारा सीडब्ल्यूडी हा मेंदूचा रोग २००२ पासून आढळतो. माणसाला तो झाल्याचे आजवर दिसलेले नाही, तरी चाचणी करून घ्यावी आणि रोग आढळल्यास मांस खाऊ नये, असा रोगनियंत्रण केंद्राचा सल्ला आहे. चाचणीसाठी हरणाचे डोके ठेवण्याच्या पेट्या ठिकठिकाणी असतात आणि चाचणीचे पैसे पडत नाहीत. राज्याबाहेर नेताना मेंदू आणि पाठीचा कणा बरोबर नेऊ नये. हाडे काढून निव्वळ मांस न्यावे. चरबी मात्र सगळी काढून टाक, कारण हरणाची चरबी तोंडात मेणासारखी थिजते आणि चांगला रस्साही बिघडवते. तेलाची भर आपण घालावी. प्रत्येक जनावराच्या पिशव्या वेगळ्या ठेवून त्यांवर तारीख आणि चाचणीचा क्रमांक लिही, आणि निकाल येईपर्यंत त्या फ्रीजरमधून काढू नकोस, पाहुणे कितीही घाई करोत.

कळावे. लोभ आहेच.

तुझा
काका